मास्तरच्या कॅसेटवरच्या तीन फुल्या

मास्तरने माझ्या बायकोच्या दुधाच्या पातेल्यात गिटारच्या तारा उकळल्या, तिथून आमची ओळख सुरू झाली.

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात आम्ही नवीनच राहायला गेलो होतो. खाली आमची खोली आणि ओटा, वर तो. घर त्याचं, आम्ही भाडेकरू. तिसऱ्या का चौथ्या दिवशी हा माणूस जिना उतरून आला. केस खांद्यापर्यंत, निम्मे पांढरे. पायात गुडघ्याला लागतील असे काळे बूट, आणि बाहेर सुरतेचा मे महिना. हातात तारांचं वेटोळं. बायकोला म्हणाला, "वहिनी, पाणी उकळतंय का? ह्या जरा टाका त्यात. दहा मिनिटं."

ती नवीन माणसाला नाही म्हणायची नाही. टाकल्या. दहा मिनिटांनी त्याने सांडशीने तारा काढल्या, आमच्या कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या, माझ्या लुंगीशेजारी, आणि म्हणाला, "मेलेली तार उकळली की आठ दिवस परत बोलते."

तो वर गेल्यावर बायको मला म्हणाली, "हाऊ मानूस येडा शे का?"

मी म्हटलं, "घरमालक आहे."

त्या पातेल्यात तिने परत दूध तापवलं नाही. ते तारांचंच झालं. महिन्यातून एकदा वरून हाक यायची, "वहिनी, पातेलं!" आणि ही चूल सोडून उठायची. मधल्या दिवसांत त्यात तिची सुई, दोरा, साडीला टिकल्या चिकटवायचा डिंक असला सटरफटर माल राहायचा.

मास्तर हे नाव गल्लीने दिलेलं. त्याने कधी कुणाला काही शिकवलं नाही. पण ज्याच्या हातात वाजवायची वस्तू तो आमच्याकडे मास्तर. खरं तर तो मोठ्या लोकांतला. तरुणपणी मुंबईत चौघांचा बँड होता त्याचा, इंग्रजी गाण्यांचा, रॉक म्हणतात तो. कॉलेजांत वाजवायचे, हॉटेलांत वाजवायचे, पोरी किंचाळायच्या म्हणे. त्याच्या खोलीत फोटो होता. चार केसाळ माणसं, मागे मोटार. बोट ठेवून सांगायचा, "हा मेला. हा कॅनडात विमा विकतो. हा ड्रमवाला, ह्याने माझी होणारी बायको नेली. आणि हा गाढव सुरतेत सरकारी ऑफिसात चिकटला." गाढव म्हणजे तो स्वतः. नोकरी मुदतीआधीच सोडून दिलेली. आईबापाचं हे घर. लग्न नाही, कुणी येणं-जाणं नाही.

त्याच्या डाव्या हाताची नखं कापलेली असायची आणि उजव्या हाताची वाढलेली. केस बांधायला मी खात्यातून, म्हणजे आमच्या मागांच्या कारखान्यातून, आणलेली कापडाची किनार वापरायचा. आमच्या मागावरून कापड उतरलं की कडेची चिंधी कापून टाकतात, ती. एकदा मी सहज दिली, मग दर आठवड्याला मागायला लागला. गुलाबी असली तर गुलाबी, हिरवी असली तर हिरवी. गल्लीतल्या गुजराती बाया हसायच्या. त्याला फरक पडत नव्हता.

फरक पडायचा तो एका शब्दाने. छान म्हटलं की चिडायचा. शेजारची एक बाई एकदा म्हणाली, "काका, बहु सरस वगाडो छो." हा बूट वाजवत तिच्यापर्यंत गेला. "सरस? कई जग्या सरस? बोलो." बाई घाबरून घरात. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "छान चहा असतो. गाण्याला छान म्हणणारा माणूस ऐकतच नसतो. मला ऐकणारा एक माणूस पाहिजे, एक. बाकीचे गेले खड्ड्यात."

मी त्याचं बोलणं खरं धरलं. मी बोललेलं खरंच धरतो. माझी चूक तिथे झाली.

आता माझं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. खानदेशातून आलो आणि वीस वर्षं मागावर उभा राहिलो. कानांनी अर्धा संप केला तेव्हा सेठने ताका तपासायला बसवलं. ताका म्हणजे कापडाची गुंडाळी. काचेच्या टेबलावरून तो ओढायचा, काचेखाली ट्यूबलाइट. तार तुटलेली दिसली, गाठ दिसली, तेलाचा डाग, परका धागा दिसला, की खडूने फुली मारायची आणि पुढे. टेबलाला आकडे फिरणारं यंत्र असतं, कितव्या मीटरला काय ते कळतं. चांगल्या कापडावर काही करायचं नसतं. ते हाताखालून जाऊ द्यायचं. कुठला तपासणारा चांगल्या कापडाला शाबास म्हणत बसला तर सेठ त्याला घरी पाठवील.

मला घरीही तीच सवय. भाजी चांगली झाली तर मी जेवायचो. खारट झाली तर बोलायचो. बायको हाक मारायची तर मी उत्तर द्यायचो नाही. ऐकू यायचं, नाही असं नाही. पण मागाच्या खडखडाटात वीस वर्षं तोंड उघडून उपयोग नसतो, हाताने खुणा करायच्या. सवय गेली ती गेली. ती कावायची, "हाक मारी त हू तरी म्हना! भिंतले हाक मारस का मी?"

मास्तर उत्तर द्यायचा. नळाला पाणी आलं की ती ओट्यावरून वर ओरडायची, "मास्तर, पानी उनं! भरी ल्या!" आणि वरून गिटारची एक तार वाजायची. टुंग. तिची हाक ज्या सुरात, त्याच सुरात. तिने एके दिवशी मुद्दाम वरच्या आवाजात हाक मारली तर तारही वरच्या आवाजात. ही पदर तोंडाला लावून हसली. इतकी वर्षं हाक मारत आली होती, उत्तर पहिल्यांदा मिळत होतं. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी घोरत पडलेला असायचो नाहीतर विडी ओढत.

मास्तरला स्वतःची एक कॅसेट काढायची होती. बँडची नव्हे, एकट्याची. आठ गाणी, सहा इंग्रजी, दोन मराठी. गाणार तोच, गिटार तोच, पत्र्याच्या पेटीवर ठेका धरणार तोच. कॅनडावाल्याने पाठवलेलं चार पट्ट्यांचं रेकॉर्डिंग मशीन होतं त्याच्याकडे. एकावर एक आवाज चढवता यायचे त्यात. पण सुरतेत शांतता कुठली? आमच्या मागच्याच गल्लीत खातं, सकाळ-रात्र माग चालू. सगळ्या भिंतींना थरथर. तो बिचारा गाद्या लावून पाहायचा खिडकीला. माझ्यावर ओरडायचा, जसं काही मीच सगळे माग चालवतो. "तपासनीस, तुमच्या लोकांना सांगा, एक दिवस गप्प बसा!"

मला तो तपासनीस म्हणायचा.

आणि मग प्लेग आला.

त्या दिवसांबद्दल लोक खूप सांगतात, मी थोडंच सांगतो. तोंडाला रुमाल बांधून माणसं पळाली. बसला लटकून, ट्रकवर बसून. औषधाच्या दुकानांत गोळ्या संपल्या. आमची गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. मी किराणावाल्याच्या फोनवरून गावाला भावाशी बोललो. तो म्हणाला, "दादा, आते नको येऊ. गाव घाबरेल शे." राग नाही त्याचा. मीही तेच म्हटलं असतं. मुलगी कामरेजला दिलेली, तिच्या सासरीही कसं जाणार? राहिलो. मास्तरला जायला जागाच नव्हती, तोही राहिला. ओळीतल्या सगळ्या घरांना कुलपं, आणि आम्ही तीन माणसं.

माग थांबले. सगळे.

पहिल्या सकाळी मास्तर जिन्यात उभा. हात वर करून मला म्हणाला, "तपासनीस, ऐका."

"काय?"

"काही नाही. तेच ऐका."

खरंच काही नव्हतं. कावळा होता एक. मला भीती वाटली. त्याचा चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा.

त्या दिवसांत त्याने कॅसेट केली. खिडक्या सताड उघड्या टाकून. बायको तिघांचं शिजवायची, ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायची. तो कधी खायचा, कधी विसरायचा. पाण्याची वेळ तेव्हा नक्की नव्हती, कधीही यायचं. आलं की ही ओट्यावरून हाक मारायची. तो वर काय करतोय ते तिला काय माहीत? माणसाने वाजवताना पाणी भरू नये असं थोडंच आहे.

माग सुरू व्हायच्या आत आठही गाणी झाली. माणसं परत आली, खडखडाट परत आला. मास्तर दोन-तीन महिने वर बसून कापाकापी, जोडाजोडी करत होता. मग घरच्या घरी दोन डेकच्या टेपवर पंचवीस-तीस कॅसेट काढल्या, कागदाचं कव्हर हाताने रंगवलं. मुंबईच्या एका इंग्रजी पेपरला पाठवली, कारण त्या पेपरने एकेकाळी बँडचा फोटो छापला होता. सुरतेच्या एका गुजराती पेपरला दिली. आणि एक मला.

ओट्यावर येऊन, दोन्ही हातांनी दिली, प्रसाद देतात तशी. "तपासनीस, तुम्ही कापड तपासता तशी तपासा. दयामाया नको. जिथे खोट असेल तिथे फुली. मला कुणाचं छान नकोय."

मी म्हटलं, "ठीक."

सुट्टीच्या दिवशी बसलो. आमचा टेप जुना, पण त्याला तीन आकड्यांचं यंत्र होतं, टेबलावर असतं तसंच. मी ते शून्यावर आणलं, चष्मा लावला. चष्मा कशाला ते विचारू नका. कागद घेतला, पेन्सिल घेतली, बरा कान टेपला लावला. बायको बाजूला साडीला टिकल्या लावत बसली. इंग्रजी मला येत नाही, ते बरंच झालं. कापडाला तरी भाषा कुठे असते?

दोनदा ऐकली, उलटसुलट दोन्ही बाजू. तीन फुल्या निघाल्या. बासष्टला बोट घसरतं. एकशे सत्तेचाळीसला, तिसऱ्या गाण्यात, बायको ओरडते, "मास्तर, पानी उनं! भरी ल्या!" आणि त्याची गिटार तिच्या सुरात उत्तर देते, मग गाणं तिथूनच पुढे निघतं. परका धागा. फुली. तीनशे पाचला गाणं संपायच्या आधीच तुटल्यासारखं होतं.

चौथ्या गाण्याला एक झालं. मी आकड्याकडे बघायचं विसरलो. एकशे नव्वदनंतर बघितलं तर थेट दोनशे तीस. मधलं सगळं हाताखालून निघून गेलं होतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खात्यात असं एकदाही झालं नाही. पण त्याची फुली कशी मारणार? कागदावर तीन आकडे लिहिले, तीन फुल्या काढल्या. सबंध मालात तीन फुल्या म्हणजे आमच्यात फ्रेश. एक नंबर. त्याच्यावर माल नसतो.

कागद मी त्याच्या हातात दिला. त्याने पाहिला. उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे कोरं होतं.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणखी काही नाही म्हणायचं?"

"नाही."

त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली, वर गेला. चार-पाच दिवस गिटार वाजली नाही. मला वाटलं, समाधान झालं असेल माणसाचं.

गुजराती पेपरात चार ओळी आल्या. आपल्या शहराच्या वडील कलाकाराने कॅसेट काढली आहे, हिचा ठेका नवरात्रीत गरब्याला जमेल, असं काहीतरी. मास्तरने ते गल्लीभर हसून दाखवलं. बूट आपटत ओट्यावर दोन फेर गरबाही नाचला. मुंबईच्या पेपराची मात्र तो वाट बघत होता. पोस्टमनच्या वेळेला केस विंचरून, नवी किनार बांधून ओट्यावर बसायचा. पोस्टमन लाइटचं बिल द्यायचा. असे चार-पाच महिने गेले.

एके दिवशी दुपारी तो कात्रण घेऊन आमच्या दारात आला. उंबऱ्याला टेकून खाली बसला. मी कामावरून येऊन भाकरी खात होतो. ही आपली टिकल्यांना बसलेली.

"आलं," तो म्हणाला. मग त्याने मराठी करून करून वाचून दाखवलं. मला आठवतं तेवढं सांगतो. ज्या बोटांनी एकेकाळी कॉलेजं हलवली ती बोटं आता जुने फोटो चाळत बसली आहेत. आवाज गेला आहे, हट्ट राहिला आहे. आठ गाण्यांत एकही जागा नवी नाही. त्याने घसा साफ केला. "अपवाद एक. तिसऱ्या गाण्यात खालून कोणी बाई ओरडते, बहुधा पाण्यासाठी, आणि वाजवणारा दचकून तिला उत्तर देतो. सबंध कॅसेटमध्ये तेवढीच एक जागा जिवंत आहे."

बायकोचे हात थांबले. "मन्हाबद्दल काय लिखेल शे? पेपरमा?"

"हो वहिनी. तुमच्याबद्दल."

"मन्हं नाव शे का त्यामा?"

"नाव नाही. बाई म्हटलंय."

मला राग आला. कोण हा मुंबईचा? माझ्या बायकोला ओरडणारी बाई म्हणतो, चार लोकांत हसं करतो. तिने ह्या माणसाची कॅसेट बिघडवली असाच मी अर्थ घेतला. तिचा चेहरा खाली होता. मला वाटलं, लाजली.

मास्तर माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "मी दुसऱ्या कॅसेट काढणार आहे, ह्याच परत गोळा करून. तपासनीस, तुम्हीही तिथे फुली मारली होती. बोला. वहिनींचा आवाज ठेवू की काढू?"

आता वाटतं, त्याला ठेव असं ऐकायचं होतं. नाहीतर तो विचारायला आलाच नसता, काढून मोकळा झाला असता.

मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, "डाग आहे तो. काढा."

तिने टिकली उचलली आणि चिकटवली. मास्तर उठला. कात्रण तिथेच राहिलं उंबऱ्यावर, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आमची कॅसेट न्यायला आला. सगळ्यांकडून परत घेत होता, त्याच कॅसेटवर नवीन भरायला. मीच टेपमधून काढून दिली. चार पट्ट्यांच्या मशीनवर तेवढी जागा पुसून, परत वाजवून, त्याने तिथे चढवली. महिन्याभराने नवी आणून दिली. म्हणाला, "घ्या. डाग काढला." मी ऐकलीसुद्धा नाही. तपासलेला माल परत कोण तपासतो?

त्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरता चिरता बायको म्हणाली, "मन्हा आवाज डाग शे का?" मी म्हटलं, "कॅसेटमधला म्हटलं मी." ती म्हणाली, "हा. कॅसेटमधलाच." विषय तिथे संपला असं मी समजलो.

पाण्याची हाक तिने बंद केली. पाणी आलं की जिन्याच्या खाली जाऊन कठड्यावर चमचा वाजवायची. वरून तार वाजायची नाही. मास्तर बादली घेऊन गपचूप उतरायचा.

दोन वर्षं अशीच गेली. त्याची बोटं आखडायला लागली होती. मग नागपूरच्या बहिणीने बोलावून घेतलं. घर विकलं त्याने, नव्या मालकाने आम्हाला राहू दिलं. निघायच्या दिवशी रिक्षा यायची होती, सामान म्हणजे एक ट्रंक, मशीन आणि गिटार. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. पाकिटातून एक घडी केलेला कागद काढला. माझ्या तीन फुल्या.

"तपासनीस, त्या मुंबईवाल्याचं मला काही वाटलं नाही. त्याने कान देऊन ऐकलं की नाही, देव जाणे. तुम्ही दोनदा ऐकलंत. आणि तुम्हाला त्यात फक्त खोट दिसली."

मी म्हटलं, "फक्त? सबंध मालात तीन! मास्तर, मी तपासायला बसलो तेव्हापासून तीन फुल्यांचा ताका हाताच्या बोटांवर मोजावा इतकाच पाहिला. फ्रेश माल होता तो. चौथ्या गाण्याला मी आकडा बघायचा विसरलो."

"हे तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"आमच्यात चांगल्यावर खूण करत नाहीत."

तो हसायला लागला. इतका हसला की खोकला आला, डोळे पुसायला केसांची किनार सोडली त्याने. "अरे माणसा! दोन वर्षं मी ह्या कागदावर रडतोय! वहिनी, ऐकलंत? जेवणावरही हा अशाच फुल्या मारतो का?"

आतून ती म्हणाली, "मीठ कमी व्हयनं तवयच बोलतस!"

तिघेही हसलो. मीसुद्धा. रिक्षा आली. जाताना त्याने गिटारच्या खोळीत हात घालून एक तार वाजवली, तिच्यासाठी. ती ओट्यावर उभी होती. तिने फक्त मान हलवली.

मास्तरशी बोलून घेतलं म्हणून मला हलकं वाटलं. तेवढ्यावर शहाणा झालो असतो तर. माझी फुल्यांची रीत मी त्याला समजावून सांगितली आणि घरात येऊन परत गप्प जेवायला बसलो.

मागच्या वैशाखात ती गेली. आठ दिवसांचा ताप. शेवटच्या दिवशी तिने दोनदा हाक मारली होती. मी शेजारीच बसलो होतो. मी उठून पाणी दिलं. हू म्हटलं नाही.

तेराव्यानंतर मुलगी आवराआवर करत होती. तारांचं पातेलं निघालं. सुई-दोऱ्याच्या खाली प्लास्टिकची पिशवी, साडीची, आणि पिशवीत ते कात्रण. घडीवर टिकलीचा डिंक लागलेला.

मी म्हटलं, "हे इथे कसं?"

मुलगी म्हणाली, "आबा, तुम्हाला माहीत नव्हतं? दर वखते मी आली की आई हे काढायची. वाच म्हणायची. सगळं नको, ते बाईचं वाच. मी इंग्रजी वाचून गुजरातीत, मराठीत, कसंपण सांगायची. ती म्हणायची, परत सांग. तेवढीच एक जागा जिवंत, ते परत सांग."

मी खाली बसलो. ती लाजली नव्हती. आयुष्यात एकदा तिच्याबद्दल चांगला शब्द छापून आला होता, आणि नवऱ्याने भाकरी खाता खाता त्याला डाग म्हटलं होतं.

मुलीकडून नागपूरला पत्र लिहून घेतलं. पहिली कॅसेट, पाण्याच्या हाकेची, एखादी राहिली असेल तर पाठवा. बहिणीचं उत्तर आलं. मास्तर आदल्या दिवाळीच्या आधीच वारला. मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. कॅसेट सापडल्या त्या सगळ्या दुसऱ्या.

एक राहिली असेल. त्या मुंबईवाल्याकडे. त्याने परत केली नव्हती. मास्तरला नावं ठेवणाऱ्याच्या कुठल्यातरी कपाटात माझी बायको अजून ओरडत असेल, आणि मला त्याचा पत्ता काय, नावसुद्धा माहीत नाही. कात्रणाच्या खाली नाव होतं, तिथेच डिंक सांडलाय.

आमच्याकडे दुसरी आहे, डाग काढलेली. आता मी ती रोज लावतो, दुपारी, जेवण झाल्यावर. आकडा शून्यावर आणतो. सांधा मास्तरने असा जोडलाय की कुणालाही सापडणार नाही. मला सापडला. अलीकडे पलीकडे गाण्याच्या मागे काहीच नाही, प्लेगातली ती शांतता. आणि एकशे सत्तेचाळीसला, तारांच्या मागे, बारीक, मागांचा खडखडाट येतो. परत वाजवलं तेव्हा खाती सुरू झाली होती ना. दहा-पंधरा सेकंद. मग परत शांत. सगळं शहर गप्प असताना एकटी ती बोलली होती, तिथे आता खातं चालतं.

कव्हरवर मी त्या आकड्याला खडूने फुली मारून ठेवली आहे. ती पुसली जाते, मी परत मारतो.

आणि एकशे सत्तेचाळीस आलं की मी मोठ्याने म्हणतो, "हू."